वारेतल्या गाठी

बाळ रडलं की सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे लागतात. पिंपळनेरसारख्या गावातली जाणती नर्स मात्र वार पडण्याची वाट बघत थांबते. पडली की ट्रेमध्ये पसरून उलटसुलट करून पाहते. एखादा तुकडा आत राहिला, तर आईच्या जिवावर बेतणारा रक्तस्राव होऊ शकतो. या पाहणीत क्वचित कधी बोटांना एखादी टणक गाठ लागते.

त्यातल्या त्यात नेहमीची गाठ म्हणजे रक्तवाहिन्यांची, कोरिओअँजिओमा. जॉन क्लार्क यांनी ती १७९८ मध्ये नोंदवली. सूक्ष्मदर्शकाखाली नीट शोधलं तर शंभरातल्या एखाद्या वारेत ती सापडते. बहुतेकदा इतकी लहान, की कुणाचं काही बिघडत नाही. चार-पाच सेंटिमीटरच्या पुढे गेलेली मात्र दुर्मीळ आणि त्रासदायक. पांझरा नदीच्या पाण्यावरच्या फडात पाट फुटला की पाणी पिकाला न लागताच निघून जातं, तसं बाळाचं रक्त या गाठीतून नुसतंच फिरून येतं. हृदयावर ताण पडतो, गर्भजल वाढतं, बाळाचं रक्त कमी होतं, अंगावर सूज येते. एवढं होऊनही ही गाठ कर्करोगाची नव्हे.

टेराटोमा या दुसऱ्या गाठीची गोष्ट आणखी विलक्षण. वारेच्या पडद्यांमध्ये केस, कातडी, चरबी, हाड! हे आलं कुठून? एका मतानुसार वाट चुकलेल्या पेशींतून. बीजांड आणि शुक्राणू घडवणाऱ्या मूळ पेशी आधी गर्भाच्या पीतककोशात (योक सॅकमध्ये) दिसतात आणि काही आठवड्यांत आतड्याच्या कडेने सरकत आपल्या जागी जातात. त्याच सुमारास आतड्याचा काही भाग नाळेत उतरलेला असतो. तिथून भरकटलेल्या पेशी वारेत पोचतात आणि वाढतात.

दुसरं मत म्हणतं, ही गाठ नव्हेच. हे नीट न घडलेलं जुळं. मग हे ठरवायला स्वतंत्र नाळ आहे का, कण्यासारखी काही मांडणी दिसते का, ते बघितलं जातं. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्याच्या सरकारी महिला रुग्णालयात सोनोग्राफीत गर्भाच्या पोटात गर्भ दिसला आणि त्याच्या बातम्या झाल्या. जुळं की टेराटोमा, हा वाद अशा प्रकारांतही जुनाच आहे.

मोठी गाठ सोनोग्राफीत, विशेषतः कलर डॉपलरवर दिसते. लहान मात्र निसटते. म्हणून गर्भजल फार वाढलं असेल किंवा बाळ पांढरंफटक, सुजलेलं जन्मलं असेल, तर वार पॅथॉलॉजी तपासणीला पाठवायला डॉक्टरांना सांगा. ती रुग्णालयातल्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाण्याआधीच.