मेणाच्या ठोकळ्यातील गाठ

2003 सालच्या फेब्रुवारीत निपाणीजवळच्या एका खेड्यातील नऊ वर्षांचा मुलगा मानेच्या डाव्या बाजूच्या गाठी घेऊन माझ्याकडे आला. वडील तंबाखूच्या वखारीत हमाल, आई घरी विड्या वळणारी. संध्याकाळी ताप, रात्री घाम, वजनात घट. सुईने घेतलेल्या नमुन्यात ग्रॅन्युलोमा दिसले आणि मी क्षयरोगाची औषधे सुरू केली. मानेची गाठ म्हणजे क्षय, हे समीकरण आपल्या भागात आपणा सर्वांच्या अंगवळणी पडलेले आहे. पहिल्या महिन्यात गाठी किंचित लहान झाल्यासारख्या वाटल्या आणि मी समाधान मानले. मे महिन्यात त्या दुप्पट झाल्या होत्या. ते तीन महिने माझ्यामुळे वाया गेले, हे येथे मोकळेपणाने लिहिले पाहिजे.

मग एक गाठ संपूर्ण काढून तपासणीस दिली. अहवाल संशयाचा आला: ग्रॅन्युलोमा आहेत, परंतु काही मोठ्या, विचित्र पेशीही आहेत, हॉजकिन्स लिम्फोमा असू शकेल. हा गोंधळ जुनाच आहे. थॉमस हॉजकिन यांनी 1832 साली या रोगाचे वर्णन केले. 1898 साली कार्ल स्टर्नबर्ग यांनी त्यातील मोठ्या पेशींचे वर्णन केले, पण हा क्षयरोगाचाच एक प्रकार असावा असे त्यांना वाटले. 1902 साली डोरोथी रीड यांनी ते मत खोडून काढले. या रोगाच्या गाठीतही ग्रॅन्युलोमा असू शकतात आणि खऱ्या रोगट पेशी बहुधा शेकडा एक-दोनच असतात. गर्दीत चोर ओळखावा तसे ते काम आहे.

चोराची खूण पटविणारे साधन म्हणजे प्रतिपिंडे. 1975 साली केंब्रिजमध्ये जॉर्ज कोहलर आणि सेझर मिलस्टाइन यांनी उंदराच्या प्लीहेतील प्रतिपिंड करणारी पेशी आणि अमर अशी कर्कपेशी यांचा संकर घडविला. त्या एका संकरित पेशीच्या वंशातून एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके मिळू लागले. याबद्दल त्यांना 1984 चे नोबेल मिळाले. शोधाचे पेटंट मात्र घेतले गेले नव्हते. ही सारी विद्या काचेच्या भांड्यात पेशी जगविण्यावर उभी आहे. भारतात ऊतकसंवर्धनाची पहिली प्रयोगशाळा मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उभारणाऱ्या डॉ. कमल रणदिवे मूळच्या पुण्याच्या, याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही.

1982 साली जर्मनीतील कील येथे शास्त्रज्ञांनी हॉजकिन्सच्या पेशी उंदरांना टोचून 'की-1' हे प्रतिपिंड मिळविले. नावातील 'की' त्या गावाचे. ते रोगट पेशींवरील ज्या प्रथिनावर बसते, त्यास आज सीडी-30 म्हणतात. अडचण एवढीच, की ते फक्त गोठविलेल्या ताज्या ऊतकावर चाले. फॉर्मलिनमध्ये बुडवून मेणात बसविलेल्या नमुन्यात प्रथिनांचे रूप झाकले जाते. निपाणीसारख्या गावातून गोठविलेले ऊतक कोण कसे पाठविणार? पुढे बर्लिनमध्ये 'बेर-एच-2' हे मेणातील नमुन्यावरही बसणारे प्रतिपिंड तयार झाले. 1991 पासून झाकलेली प्रथिने उष्णतेने उघडी करण्याची युक्तीही रूढ झाली; अनेक प्रयोगशाळांत त्यासाठी चक्क प्रेशर कुकर वापरतात. आपल्या आमटीच्या डाळीने निदानशास्त्रावर केलेले हे उपकारच म्हणावयाचे!

आमचा मेणाचा ठोकळा घेऊन मुलाचे वडील कोल्हापुरातून महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईस निघाले. तंबाखूच्या डबीत कापसात ठेवलेला ठोकळा दाखवीत त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, उन्हानं वितळंल का हो ह्ये?" हे मेण साठ अंशांच्या आसपास वितळते, तेव्हा काळजी नको, असे मी सांगितले. तरीही ते रात्रभर डबी हातात धरून बसले होते, असे नंतर कळले.

टाटा रुग्णालयाचा अहवाल आठवड्याने आला. सीडी-30 आणि सीडी-15 ही दोन्ही प्रतिपिंडे त्या मोठ्या पेशींवर बसली होती. सर्वसाधारण श्वेतपेशींवर बसणारे सीडी-45 मात्र बसले नव्हते. निदान पक्के झाले. पुढे मी स्वतः ती काचपट्टी पाहिली: पेशीच्या कडेने तपकिरी वलय आणि केंद्रकाशेजारी तसाच एक ठिपका. एपस्टाइन-बार विषाणूच्या प्रथिनाची चाचणीही होकारार्थी होती. आपल्याकडील मुलांच्या हॉजकिन्समध्ये बहुतेक वेळा ती तशीच असते.

मुलांमधील हा रोग दहातील नऊंहून अधिक वेळा बरा होतो. आमचा रुग्णही रसायनोपचारांनी बरा झाला. आता त्याला स्वतःचा मुलगा आहे आणि त्याच्या लसी मीच टोचतो. ज्या सीडी-30 ने निदान झाले, त्यावरच बसणाऱ्या प्रतिपिंडाला विषारी औषध जोडून केलेले ब्रेंटुक्सिमॅब 2011 पासून वापरात आहे. उलटलेल्या रोगात ते उपयोगी पडते. आमच्या रुग्णास त्याची गरज पडली नाही.

आता ही तपासणी बेळगाव-कोल्हापूरकडेही होते, ठोकळा मुंबईस न्यावा लागत नाही. पण प्रतिपिंड कितीही उत्तम असले तरी सलाइनमध्ये दोन दिवस कुजलेल्या ऊतकावर ते काय बसणार? म्हणून गाठ काढणाऱ्या मित्रांना विनंती: ती मधोमध कापून, दसपट दहा टक्के फॉर्मलिनमध्ये लगेच टाकावी, आणि बाटली रुंद तोंडाची घ्यावी. फॉर्मलिनने कडक झालेली गाठ अरुंद तोंडातून पुन्हा बाहेर येत नाही.