परसातल्या मिरच्या आणि माझा चुकलेला ‘एन’

मागच्या महिन्यात मी एक ‘शोध’ लावला. मिरचीतली पांढरी शीर काढून टाकली की मिरची जास्त तिखट होते! सहा जणांनी खाऊन साक्ष दिली. शोध अर्थातच साफ चुकीचा आहे, आणि तो कसा चुकला हे सांगायला ही पोस्ट. पीएचडीला अर्ज करत असाल किंवा एमएस्सीचा प्रोजेक्ट सुरू करत असाल, तर खाण्याचा भाग वाचून निघून जाऊ नका. माझ्या थीसिसचं एक अख्खं प्रकरण त्यात अडकलंय.

तर झालं असं. इथे टेक्सासमध्ये उन्हाळ्यात घरामागच्या अंगणात ग्रिल पेटवलं की आधी हालापेन्यो पॉपर येतात. मिरची उभी चिरायची, आत क्रीम चीज आणि किसलेलं चेडर भरायचं, वर बेकनची पट्टी गुंडाळायची (आमच्यात दोघं खात नाहीत, त्यांच्या बिनबेकनच्या). आपल्या भरल्या मिरचीची लांबची बहीणच म्हणा. निखारे ग्रिलच्या एकाच बाजूला सारायचे, मिरच्या दुसऱ्या बाजूला ठेवायच्या आणि झाकण लावायचं. थेट निखाऱ्यावर ठेवल्या तर साल करपते, चीज वाहून जातं आणि बेकनची चरबी खाली गळून भडका उडतो. झाकणाखाली २०-२५ मिनिटांत मिरची मऊ पडते.

चिरताना माझ्या रूममेटशी वाद झाला. तो म्हणे तिखटपणा बियांत असतो. मी म्हटलं, नाही रे, बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात तिच्यात. पुस्तकी उत्तर माझ्या बाजूने आहे. कॅप्सेसिन तयार होतं ते या शिरेच्या पेशींमध्ये, बियांना ते नुसतं लागतं. पण म्हटलं, करूनच दाखवू. बिया सगळ्यांच्याच काढायच्या. माझ्या मिरच्यांत शीर तशीच, त्याच्या मिरच्यांत शीरही खरवडलेली. दोन ट्रे, सहा खाणारे, प्रत्येकाने दोन्ही खायच्या आणि दहापैकी गुण द्यायचे.

निकाल? शीर काढलेल्या जास्त तिखट. सहापैकी पाच जणांचं मत. रूममेट नाचला.

आता जरा थांबा आणि पुढे वाचण्याआधी स्वतः विचार करा, कुठे कुठे चुकलं असेल?

पहिली गोष्ट मला भांडी घासताना सुचली. माझ्या मिरच्या सुपरमार्केटच्या पिशवीतल्या होत्या, त्याच्या शेतकरी बाजारातल्या. हालापेन्योचा तिखटपणा साधारण २,५०० ते ८,००० स्कोव्हिल सांगतात, म्हणजे एकाच नावाच्या मिरचीत तिपटीहून जास्त फरक. वाण, पाणी, पिकण्याची अवस्था, सगळ्याचा परिणाम होतो. मी शिरेची तुलना करतोय असं समजत होतो, प्रत्यक्षात दोन पिशव्यांची करत होतो.

दुसरी जास्त मजेदार. माझा ट्रे आधी ग्रिलवर गेला आणि टेबलावर निवत पडला. त्याचा थेट ग्रिलवरून तोंडात. जिभेवर कॅप्सेसिन ज्याला चिकटतं तो रिसेप्टर, टीआरपीव्ही-१, डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता. गंमत अशी की हाच रिसेप्टर साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनेही चालू होतो. म्हणजे ‘तिखट’ आणि ‘चटका’ ही मेंदूला जाणारी एकाच दारावरची घंटा. गरम पॉपर तिखट लागणारच. त्यात सगळ्यांनी माझा आधी खाल्ला, त्याचा नंतर, आणि लागोपाठ खाल्लं की जळजळ साठत जाते. शिवाय कोणता ट्रे कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक होतं.

इथवर हसण्यावारी नेता येईल. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, ती वेगळ्याच कारणाने.

माझा प्रयोग ज्वारीच्या मुळांभोवतीच्या जिवाणूंवर आहे. दोन ग्रोथ चेंबर, एक ३० अंशांवर, एक ३८ वर. प्रत्येकात २० कुंड्या. सात महिने मी ‘एन बरोबर २०’ असं लिहीत आलो. आता पिशव्यांच्या जागी चेंबर ठेवून बघा. ३८ अंशांचा चेंबर फक्त तापमानाने वेगळा नाही. त्याचा पंखा वेगळा, दिवे किती जुने ते वेगळं, आर्द्रता वेगळी. तापमान मी कुंडीला दिलंच नव्हतं, चेंबरला दिलं होतं. मग प्रत्येक तापमानाला माझा खरा एन किती? एक. २० कुंड्या म्हणजे एकाच पिशवीतल्या २० मिरच्या.

याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये ‘इकॉलॉजिकल मोनोग्राफ्स’मध्ये हा शब्द रूढ केला. त्यांनी पाहिलेल्या ज्या प्रयोगांत सांख्यिकी चाचण्या वापरल्या होत्या, त्यांतल्या ४८ टक्क्यांत ही चूक होती. हा पेपर मी एमएस्सीला परीक्षेसाठी पाठ केला होता हो! व्याख्या लिहून मार्कही मिळवले होते.

सोमवारी गाइडना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, चेंबरची तापमानं अदलाबदल कर आणि पुन्हा लाव. एक फेरी आठ आठवड्यांची, अशा अजून तीन. कमिटीची मीटिंग पुढे गेली, म्हणजे जवळजवळ सहा महिने. जुना डेटा फेकायचा नाही, तो चारपैकी पहिली फेरी म्हणून मोजायचा, एवढाच दिलासा. तुम्ही अजून सुरुवात केली नसेल तर वहीच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहा: मी बदल नेमका कशाला देतोय? कुंडीला, चेंबरला, वर्गाला, की गावाला? जितक्यांना स्वतंत्रपणे दिला तितका एन. बाकी मोजमापं कितीही घ्या.

मिरच्यांचा प्रयोगही आम्ही पुन्हा केला, आधी आठवड्याभरात होण्यासारखा तोच होता. या वेळी १२ मिरच्या, प्रत्येकीचे उभे दोन भाग. एकात शीर, एकात नाही, कुठला ते नाणं उडवून. म्हणजे मिरची स्वतःचीच जोडीदार, पिशवीचा प्रश्न मिटला. वरून चीज, त्यामुळे आतलं दिसत नाही. सगळ्या एकदम ग्रिलवर, कोमट होऊ दिल्या, आधी कुठला भाग खायचा तेही नाण्यावर. (हातमोजे घाला. मी घातले नव्हते, आणि रात्री कॉन्टॅक्ट लेन्स काढली. कॅप्सेसिन पाण्याने जात नाही, भांड्यांच्या साबणाने हात नीट घासायचे.)

१२ पैकी १० जोड्यांत शिरेचा भाग जास्त तिखट. नुसत्या योगायोगाने १० किंवा जास्त यायची शक्यता ४,०९६ मध्ये ७९, म्हणजे दोन टक्क्यांहून थोडी कमी. मी रूममेटकडे विजयी नजरेने पाहिलं.

तो दह्याची वाटी संपवत म्हणाला, “पण खाणारे सहाच होतो ना? प्रत्येकाने दोन-दोन मिरच्या खाल्ल्या. मग तुझा एन बारा, की सहा?”