बचावफळीतला मानकरी

डोंबिवलीच्या सावळाराम महाराज क्रीडासंकुलात असो वा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यालगत तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या टर्फवर असो, संध्याकाळी मुले दोन संघ पाडू लागली की एक तंटा हटकून उद्भवतो. गोल मारण्याचा हक्क प्रत्येकास हवा असतो आणि मागे राहून चेंडू अडविण्याची चाकरी, ज्याचा आवाज सर्वांत लहान, त्याच्या माथी येते. बचावपटूचे यश म्हणजे न झालेला गोल, आणि जे झालेच नाही त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

या रूढीस अपवाद ठरलेला खेळाडू सेनेगलमधून आला. ठाणे जिल्ह्यास आफ्रिकी फुटबॉल अगदीच अपरिचित नव्हते. ऑक्टोबर २०१७ मध्ये, सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या निमित्ताने, नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर घानाने नायजरला दोन गोलांनी नमविले होते. परंतु ते चार दिवसांचे पाहुणे. मुर्तदा फॉल मात्र भारतात मुक्काम ठोकून राहिला. मोरोक्कोतील मोघरेब तेतुआन क्लबात प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांच्या हाताखाली खेळलेला हा सहा फुटांहून उंच बचावपटू २०१८ साली त्यांच्याच एफसी गोवा संघात रुजू झाला. पहिल्याच हंगामात, १७ मार्च २०१९ रोजी, अंधेरीतील इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात, जादा वेळेच्या ११७व्या मिनिटास बंगळुरूच्या राहुल भेके या मुंबईकर बचावपटूने कॉर्नरवर डोक्याने गोल केला आणि गोव्याच्या हातचा करंडक निसटला.

पुढे २०२० साली लोबेरा यांच्यासमवेत फॉल मुंबई सिटीकडे आला. महामारीमुळे तो अख्खा हंगाम गोव्यात, रिकाम्या प्रेक्षागारांसमोर पार पडला. म्हणजे मुंबईचा संघ अजिंक्य होत असता ठाणे-कल्याणच्या रसिकांस तो सोहळा घरच्या पडद्यावरच पाहावा लागला. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी, साखळीच्या अखेरच्या सामन्यात, तीन गुणांनी पुढे असलेल्या एटीके मोहन बागानला हरविल्याविना गत्यंतर नव्हते. सातव्याच मिनिटास सहकारी अहमद जाहूने फ्री-किक गोलासमोर उचलून दिली, फॉल गर्दीतून वर उठला आणि त्याने कपाळाने चेंडू जाळ्यात धाडला. मुंबईच्याच ओगबेचेने दुसरा गोल केला. गुण समसमान होऊनही परस्परांतील विजयांच्या बळावर अव्वल स्थानाचा मान मुंबईकडे आला. लगेच १३ मार्चला अंतिम सामनाही जिंकला. या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा बचावपटू म्हणून फॉलचे नाव गाजले ते अशाच हेडरांमुळे.

त्या अव्वल स्थानाने मुंबईस आशियाई चॅम्पियन्स लीगचे द्वार उघडून दिले. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबवर २–१ अशी मात करून, त्या स्पर्धेत सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा बहुमान मुंबईने संपादिला. त्या हंगामात संघाचे कर्णधारपद फॉलकडे होते आणि विजयी गोल डोक्याने करणारा होता राहुल भेके. ज्याने तीन वर्षांपूर्वी फॉलच्या तोंडचा घास हिरावला, तोच आता त्याच्या शेजारी उभा होता.

गोल करणारे नाव मिळवितात खरे, पण संघाचा पाया रचतात ते मागचे चौघे. कल्याण-डोंबिवलीहून दादरला गाडी बदलून अंधेरीच्या मैदानावर कधी जाणे झालेच, तर निदान दहा मिनिटे चेंडू विसरून त्या चौघांकडे पाहावे.