एकोणीस वर्षांचा बेचाळीस
(लेखमाला : संगणकावरचं बास्केटबॉल, भाग ५)

गेल्या आठवड्यात आपण ‘बास्केटबॉल जीएम’ या खेळातल्या ड्राफ्टपर्यंत आलो होतो. नव्याने वाचायला लागलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. ब्राउझरमध्ये फुकट खेळता येणाऱ्या या खेळात तुमच्या हाती चेंडू नसतो, अख्खा संघ असतो. कोणाला घ्यायचं, कोणाला सोडायचं, पगार किती द्यायचा हे तुम्ही ठरवता आणि सामने संगणक खेळवतो. समजा, ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, विसाव्या क्रमांकावर तुम्ही एक पोरगा उचलला. वय १९, आजची कुवत ४२, संभाव्य कुवत ६५. शंभरच्या मापावर ४२ म्हणजे आज त्याची जागा बाकावर. मग तो ठेवायचा की विकायचा?

बहुतेकांची नजर थेट त्या ६५ वर जाते. माझ्या मते ती आधी वयावर जायला हवी. बेचाळिसाचा १९ वर्षांचा आणि बेचाळिसाचाच २२ वर्षांचा यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. हंगाम संपला की प्रत्येक खेळाडूचे गुण बदलतात. विशीच्या आसपास हा बदल सरासरीने वरच्या दिशेला असतो, पंचविशीकडे तो मंदावतो आणि पुढे उतार लागतो. त्यात नशिबाचाही वाटा असतो आणि नशीब तरुणांवर मेहेरबान असतं. त्यांच्या घसरणीला खेळाने मर्यादा घातली आहे, पण एखाद्या हंगामात पोरगा एकदम उसळी मारू शकतो. बावीस वर्षांच्या खेळाडूच्या अशा तीन संधी होऊन गेलेल्या असतात.

राहिला प्रश्न त्या ६५ चा. तो हवामान खात्याच्या अंदाजासारखा वाचावा. आजची कुवत आणि वय पाहून खेळाने बांधलेला तो अंदाज आहे, दर हंगामाला तो नव्याने बांधला जातो आणि तिशी जवळ येईपर्यंत दोन्ही आकडे एक होतात. कोणी ६५ च्या पुढे निघून जातो, कोणी पन्नाशीतच अडकतो. हा आकडा म्हणजे जणू खेळाडूला मिळालेलं वचन, असं धरून चालणारे दरवर्षी निराश होतात.

आता त्या ४२ च्या आत डोकावू. एकूण कुवत पंधरा गुणांतून बनते : उंची, ताकद, वेग, उडी, दमसास, वेगवेगळे शॉट, आक्रमणाची समज, बचावाची समज, ड्रिबलिंग, पास, रिबाउंड. समजा आपल्या पोराची उंची ६५, उडी ६०, वेग ५५ आहे. बचावाची समज मात्र २२ आणि आक्रमणाची २५. ते २२ पाहून अनेकजण त्याच्या नावावर काट मारतात. मी मारणार नाही. या खेळात सगळ्यांत झपाट्याने वाढते ती समजच, आणि तीही नेमकी १९ ते २३ या वयात. उंचीचं तसं नाही. कुवतीच्या हिशेबात उंचीला सर्वाधिक वजन आहे आणि ती पुढे वाढते फारच क्वचित. त्यामुळे उंच, चपळ आणि आज गोंधळलेला पोरगा मला हवा असतो. त्याच वयाचा, बेचाळिसाचाच, पण बुटका आणि आताच समंजस असलेला पोरगा घेताना मी दहादा विचार करेन, कारण त्याची वाढायची जागा आधीच भरलेली असते.

इथे एक अडचण आहे आणि तीच मला या खेळातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. पडद्यावर दिसणारे गुण खरे असतीलच असं नाही. नवख्यांच्या आकड्यांत खेळ मुद्दाम थोडी चूक मिसळतो. तिला ‘फझ’ म्हणतात. स्काउटिंगवर पैसा ओतला तर ड्राफ्टमधल्या पोरांच्या बाबतीत ती कमी होते, आणि खेळाडू लीगमध्ये रुळत जातो तशी ओसरते. पण सामना खेळवताना संगणक खरे गुण वापरतो, धूसर केलेले नाही. याचा अर्थ असा, की गुणपत्रक चुकीचं असलं तरी स्कोअरशीट खरी असते.

म्हणून त्याला मैदानात उतरवायचं. इथे गैरसमज नको : या खेळात जास्त मिनिटं मिळाली म्हणून खेळाडू जास्त वाढत नाही. प्रशिक्षणावरच्या खर्चाचा वाढीवर परिणाम होतो, मिनिटांचा होत नाही. मिनिटं द्यायची ती त्याला ओळखण्यासाठी. खऱ्या बास्केटबॉलमध्ये दोन्ही गोष्टी एकत्र घडतात. २०१३ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये क्लीव्हलँडने पहिल्या क्रमांकावर अँथनी बेनेटला निवडलं. ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधून आलेला १८ वर्षांचा यानिस आंतेतोकुंपो पंधराव्या क्रमांकापर्यंत शिल्लक होता. तो मिलवॉकीने घेतला. त्या हंगामात मिलवॉकीने ८२ पैकी फक्त १५ सामने जिंकले, पण या पोराला सामन्यामागे सुमारे २५ मिनिटं दिली. गुणांची सरासरी होती ६.८. ती पाहून कोणी हुरळलं नसतं. २०१९ आणि २०२० मध्ये तोच लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२१ मध्ये मिलवॉकीला त्याने अजिंक्यपद मिळवून दिलं. बेनेट चार हंगामांत एनबीएबाहेर गेला.

स्कोअरशीट वाचताना नुसते गुण मोजू नका. ते किती प्रयत्नांत आले ते बघा. त्यासाठी ‘ट्रू शूटिंग’ हे माप आहे : एकूण गुणांना, फील्ड गोलचे प्रयत्न अधिक फ्री थ्रोच्या प्रयत्नांची ०.४४ पट, या बेरजेच्या दुपटीने भागायचं. ०.४४ अशासाठी, की फाऊल होऊनही पडलेल्या बास्केटनंतर एकच फ्री थ्रो मिळतो, कधी तीन मिळतात. त्यामुळे दोन फ्री थ्रो म्हणजे एक चाल असा सरळ हिशेब बसत नाही. आपल्या पोराने हंगामात फील्ड गोलच्या ५०० आणि फ्री थ्रोच्या १५० प्रयत्नांत ६०० गुण केले असतील, तर बेरीज ५६६, दुप्पट ११३२ आणि उत्तर ५३ टक्के. एनबीएची अलीकडची सरासरी ५७-५८ च्या आसपास आहे. तरीही विशीतल्या पोरासाठी ५३ वाईट नाही, आणि पडद्यावर ४५ दिसत असताना तो असं खेळत असेल तर खरे गुण अधिक असण्याची शक्यता मी गंभीरपणे घेईन. मात्र हे पूर्ण हंगामावरून ठरवायचं. दहा सामन्यांत कोणाचाही हात बसतो.

मूळ नियमांनुसार पहिल्या फेरीतल्या निवडीचा करार तीन वर्षांचा आणि स्वस्त असतो. माझा निर्णय दुसऱ्या हंगामानंतर होतो. पोरगा २१ चा झाला, आकडा ४६ वरच रेंगाळतोय आणि मैदानातही काही वेगळं दिसत नाही, तर त्याची संभाव्य कुवत अजून साठीत दिसतेय तोवर विकावा. नव्याने बांधणी करणारे संघ तरुणांसाठी चढी किंमत मोजतात. वर्षभराने ती मिळणार नाही. कुवत पन्नाशीपार गेली असेल आणि स्कोअरशीटही त्याला दुजोरा देत असेल, तर कोणी कितीही मागितला तरी तो सोडू नये. तिसरं वर्ष त्याला पहिल्या पाचांत खेळवावं आणि नव्या करारासाठी पगारमर्यादेत आताच जागा करायला घ्यावी.

पुढच्या आठवड्यात : पगारमर्यादा आणि करारांच्या वाटाघाटी.