केंटिश टाउनची सात पोरं

स्का ऐकताना पाय आधी हलतो, डोकं मागाहून. त्याचं कारण गिटारीत आहे. ताल 'एक-आणि-दोन-आणि' असा मोजला, तर गिटारवाला आकड्यांवर गप्प राहतो आणि प्रत्येक 'आणि'वर तारा छेडतो. १९५०च्या दशकाच्या अखेरीस जमैकात, किंग्स्टनमध्ये हे संगीत जन्मलं. कॅरिबियन स्थलांतरितांच्या तबकड्यांसोबत ते लंडनला पोचलं आणि कामगारवस्त्यांमधल्या गोऱ्या पोरांच्याही कानात बसलं.

माइक बार्सन, ख्रिस फोरमन आणि ली थॉम्पसन ही उत्तर लंडनच्या केंटिश टाउन परिसरातली अशीच पोरं. एकत्र उनाडक्या करणाऱ्या या मित्रांनी १९७६ साली 'नॉर्थ लंडन इन्व्हेडर्स' नावाचा बँड काढला. बार्सनला पियानो बऱ्यापैकी यायचा. बाकीचे वाजवता वाजवताच शिकले. माणसं येत-जात राहिली. सग्ज या नावाने पुढे गाजलेला गायक ग्रॅहम मॅकफर्सन शनिवारी तालमीऐवजी फुटबॉलच्या सामन्याला जायचा, म्हणून त्याला काढलं आणि नंतर परत घेतलं. केथल स्मिथ आधी बास गिटार वाजवायचा. तो पुन्हा आला तो नाचायला आणि आरोळ्या द्यायला. बँडमध्ये निव्वळ नाचणाऱ्यालाही हक्काची जागा असावी, हे मैत्रीतच सुचू शकतं. बास गिटारवर मार्क बेडफर्ड आणि ड्रमवर डॅन वुडगेट आल्यावर सातजण पुरे झाले.

कॅम्डनमधल्या 'डब्लिन कॅसल' या पबमध्ये त्यांचे कार्यक्रम होऊ लागले आणि गर्दी वाढत गेली. १९७९मध्ये त्यांनी 'मॅडनेस' हे नाव घेतलं, तेही जमैकाचा स्का गायक प्रिन्स बस्टर याच्या गाण्यावरून. पहिली तबकडी 'द प्रिन्स' हीसुद्धा त्यालाच वंदन करणारी. कॉव्हेंट्रीच्या जेरी डॅमर्सने सुरू केलेल्या 'टू-टोन' या रेकॉर्ड कंपनीने ती काढली आणि ती विक्रीच्या ब्रिटिश यादीत १६व्या क्रमांकावर गेली. त्याच वर्षी 'स्टिफ रेकॉर्ड्स'कडून 'वन स्टेप बियाँड' हा पहिला अल्बम आला, तेव्हा सग्ज आणि बेडफर्ड अवघे १८ वर्षांचे होते. शीर्षकगीत पुन्हा बस्टरचंच. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव या पोरांनी आधी घेतलं, याचं मला मोल वाटतं.

तरी एक काळी बाजू होती. 'टू-टोन'च्या 'स्पेशल्स' या बँडमध्ये काळे-गोरे वादक एकत्र वाजवत. मॅडनेसचे सातही जण गोरे. त्यामुळे नॅशनल फ्रंट या वर्णद्वेष्ट्या पक्षाचे पाठीराखे त्यांच्या कार्यक्रमांना येऊ लागले, आणि बँडला वारंवार उत्तर द्यावं लागलं. माझ्या मते खरं उत्तर १९८०च्या 'एम्बॅरसमेंट' या गाण्यात आहे. थॉम्पसनच्या बहिणीला एका कृष्णवर्णीयापासून दिवस गेले, तेव्हा घरच्यांनी जी तोंडं फिरवली, त्यावर त्याने हे गाणं लिहिलं. घोषणा नाही, उपदेश नाही. घरातली लाज तेवढी चव्हाट्यावर मांडलेली. गाणं चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. म्हणजे घराघरांत ऐकलं गेलं.

इथून पुढे उसना ताल मागे पडत गेला आणि शाळा, घर, गल्ली गाण्यांत आली. 'बॅगी ट्राउझर्स' शाळेतल्या दंग्यावर. त्याच्या चित्रफितीत थॉम्पसन सॅक्सोफोन वाजवत हवेत उडतो. 'अवर हाउस'मध्ये गजबजलेलं कुटुंब आहे, आणि तेच गाणं १९८३मध्ये अमेरिकेत सातव्या क्रमांकावर गेलं. स्थानिक तपशील जितका नेमका, तितकं गाणं दूर गेलं.

मग बार्सन बाहेर पडला आणि १९८६मध्ये बँड मोडला. १९९२च्या ऑगस्टमध्ये फिन्सबरी पार्कात सातहीजण पुन्हा उभे राहिले, तेव्हा हजारोंच्या नाचण्याने आसपासच्या इमारती हादरल्या. २०१२मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवात ते थेट बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावर वाजवत होते. स्मिथ २०१४मध्ये वेगळा झाला. उरलेल्या सहाजणांच्या २०२३च्या अल्बमने ब्रिटनमध्ये पहिलं स्थान मिळवलं. त्यांच्या एखाद्या स्टुडिओ अल्बमला हा मान पहिल्यांदाच मिळाला; सग्ज तेव्हा ६२ वर्षांचा होता.