कोरियनमध्ये ‘फक्त’ कसं म्हणायचं? आपला ‘च’ कामी येतो!

के-ड्रामा बघता बघता कोरियन शिकताय? मग मर्यादा सांगणारे हे दोन प्रत्यय आधी शिकून घ्या. मराठी माणसाला ते सोपे जातात.

१. मान = च

समजा, एका कोरियन पाहुण्याला खालापूर तालुक्यातल्या खोपोलीला जायचंय आणि फलाटावर कर्जत लोकल लागलीय. तुम्ही सांगाल, “ही कर्जतपर्यंतच जाते.” कोरियनमध्ये: “कर्जत-क्काजी-मान गायो.” क्काजी म्हणजे पर्यंत, मान म्हणजे च, गायो म्हणजे जाते. क्रमसुद्धा आपलाच! ‘मान’ गाळलंत, तर गाडी पुढे जात नाही हा इशाराच राहून जातो.

२. बाक्के + नकार

गाडीला १०च मिनिटं उरलीत? “शिप्पुन-बाक्के ऑप्सॉयो.” शिप्पुन म्हणजे १० मिनिटं, ऑप्सॉयो म्हणजे नाही. ‘बाक्के’चा मूळ अर्थ ‘बाहेर’. म्हणजे १० मिनिटांच्या बाहेर काही नाही. आपण ‘१० मिनिटांशिवाय वेळ नाही’ म्हणतो, तसंच. यात ‘एवढंच?’ हा कमीपणाचा सूर येतो. ‘बाक्के’नंतर क्रियापद नकारार्थीच लागतं. ‘मान’ला ही अट नाही.

इथे फसू नका

‘मी येणारच’ यातला ‘च’ खात्रीचा आहे. तिथे ‘मान’ चालत नाही. सोपी युक्ती: ‘च’ काढून वाक्यात ‘फक्त’ घालून बघा. अर्थ तोच राहिला, तरच ‘मान’ वापरा.