वादळानंतरचा कचरा जातो कुठे?

२९ ऑगस्ट २००५ रोजी अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर ‘कॅटरिना’ हे चक्रीवादळ धडकले. न्यू ऑर्लिन्स शहराचे पूरसंरक्षक बांध फुटले आणि सुमारे ८० टक्के शहर पाण्याखाली गेले. त्या महापुराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पाणी ओसरल्यावर मागे उरलेल्या विषारी कचऱ्याचे काय झाले, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात सामाजिक न्यायाचाच प्रश्न दिसतो.

प्रथम कचऱ्याचे स्वरूप समजून घेऊ. पुरात बुडालेल्या घरात रंगाचे डबे, कीटकनाशके, बॅटऱ्या आणि गॅसच्या टाक्या असतात. जुन्या बांधकामात ॲस्बेस्टॉस व शिसेयुक्त रंग असतो. हे सारे एकाच ढिगात गेले, तर विष जमिनीत व पाण्यात झिरपते. म्हणून वर्गीकरण ही स्वच्छतेची पहिली पायरी ठरते. घातक रसायने वेगळी काढावी लागतात. फ्रीजमधील कुजलेले अन्न व शीतकारक वायू काढून मगच धातूचा पुनर्वापर करता येतो. ॲस्बेस्टॉस ओले ठेवून, बंदिस्त करून न्यावे लागते. गाळ वाळला की त्याची धूळ श्वासावाटे शरीरात जाते. म्हणून काम करणाऱ्याला मुखपट्टी, हातमोजे व गमबूट अत्यावश्यक असतात.

कारखान्यांमुळे संकट अधिक वाढते. शहरालगतच्या सेंट बर्नार्ड भागात मर्फी ऑइल कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातील एक टाकी पुराच्या पाण्याने जागेवरून हलली. सुमारे २५,००० बॅरल कच्चे तेल वाहून गेले आणि सतराशेहून अधिक घरांत शिरले.

एवढे सगळे उचलून न्यायचे कुठे? कचरा नष्ट होत नाही, त्याची जागा बदलते. आणि ती जागा कोणाच्या दारात असावी, हे सत्ता ठरवते.

न्यू ऑर्लिन्समधील ॲग्रिकल्चर स्ट्रीट येथे १९०९ पासून कचराडेपो होता. तो बंद झाल्यावर, १९६५ च्या ‘बेट्सी’ चक्रीवादळाचा ढिगारा टाकण्यासाठी पुन्हा उघडण्यात आला. पुढे त्याच भूमीवर घरे व एक प्राथमिक शाळा बांधली गेली. ही घरे प्रामुख्याने कष्टकरी कृष्णवर्णीय कुटुंबांनी घेतली. अनेकांचे ते आयुष्यातील पहिले हक्काचे घर होते. मातीत शिसे व आर्सेनिक सापडले आणि १९९४ मध्ये ही जागा देशातील अतिदूषित स्थळांच्या यादीत गेली. त्याच वर्षी शाळाही बंद झाली. कॅटरिनाच्या पुरात ही वस्तीही बुडाली. रहिवाशांच्या दीर्घ लढ्यानंतर २०२२ मध्ये त्यांच्या स्थलांतरासाठी साडेतीन कोटी डॉलर मंजूर झाले. एका वादळाचा कचरा पुढच्या पिढ्यांच्या अंगणात असा उरला होता.

दुसरे उदाहरण आशा देणारे आहे. २००६ मध्ये कॅटरिनाच्या ढिगाऱ्यासाठी महापौरांनी आणीबाणीच्या अधिकारात शहराच्या पूर्व भागात नवा कचराडेपो उघडला. त्याच्या तळाशी विष झिरपू नये म्हणून अस्तर नव्हते आणि जवळच व्हिएतनामी निर्वासितांची वस्ती होती. पुरातून नुकतेच परतलेले ते लोक, वृद्धांपासून तरुणांपर्यंत, संघटित झाले. शेजारचे कृष्णवर्णीय नागरिकही त्यांच्यासोबत उभे राहिले. काही महिन्यांतच तो डेपो बंद करावा लागला.

ही कथा आपल्याला परकी नाही. गावाची मेलेली जनावरे ओढण्याचे काम आणि गावकुसाबाहेरची जागा कोणाच्या वाट्याला आली, हे आपल्या वाडवडिलांनी भोगले आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले, तेव्हा दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य त्यांच्यासमोर होते.

तथागतांनी शिकवले की प्रत्येक दुःखाला कारण असते आणि कारण दूर केले की दुःखही दूर होते. वादळ निसर्गाचे असते. विष कोणाच्या दारात टाकायचे, हा निर्णय मात्र माणसांचा असतो आणि म्हणूनच तो बदलता येतो. या शाळेचे माजी विद्यार्थी आज अभियंते, अधिकारी, नगरसेवक आणि कर्मचारी म्हणून कार्यरत आहेत. कचऱ्याचा कोणताही आराखडा समोर आला की त्यांनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत : हा कचरा कोण उचलणार आणि तो कोणाच्या दारात जाणार?